ग्राफिक्स कार्ड घेतांना

घरच्या घरीं संगणक जोडण्याची हौस आतां नवी राहिलेली नाहीं. पूर्वीं तयार यंत्र दुकानांतून उचलून आणीत. आतां कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी सुटे भाग निवडून त्यांची यादी वडिलांच्या हातीं देते. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, एस.एम.पी.एस., कॅबिनेट अशीं आठदहा नांवें आणि त्यांच्यापुढें रुपयांचे आकडे. त्यांतला एक आकडा मात्र इतरांच्या पंक्तींत बसत नाहीं. खेळांसाठीं म्हणून जोडलेल्या यंत्राच्या एकंदर किंमतीचा तिसरा हिस्सा, कधीं कधीं निम्मा, एकट्या ग्राफिक्स कार्डावर खर्च होतो. या आकड्याशीं नजर अडखळली कीं घरोघरीं दोनांपैकीं एक प्रकार घडतो. एक तर वडील मंडळी "खेळण्यासाठीं एवढे पैसे?" म्हणून यादी परत करतात, नाहीं तर "तुला समजतें तें घे" असें म्हणून पैसे मोजून मोकळी होतात. दोन्ही प्रकारांत विचार झालेला नसतो. खोका एकदां फोडला कीं बहुतेक दुकानदार वस्तु परत घेत नाहींत. आणि जें कार्ड आलें तें चारपांच वर्षें चालवावें लागतें. तेव्हां नकार द्यावयाचा असो वा होकार, तो समजून देतां यावा एवढ्यासाठीं आजचें हें भाषण आहे. यादी करणाऱ्या मुलांनींही तें ऐकावें, कारण त्यांची माहिती पुष्कळदां जाहिरातींतून आलेली असते.

हें कार्ड करतें तरी काय? संगणकाच्या पडद्यावरील चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखें असतें. घरोघरीं दिसणाऱ्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. त्यांना पिक्सेल म्हणतात. चित्रपट पाहतांना प्रत्येक ठिपक्याचा रंग आधींच ठरून आलेला असतो. खेळांत तसें नसतें. खेळणारानें मान डावीकडे वळविली कीं भिंत सरकते, सावली फिरते, पाण्यावरची चकाकी बदलते. आणि हा सारा हिशेब जागच्या जागीं करून वीस लाखांवर ठिपके पुन्हां रंगवावे लागतात, तेही सेकंदाला निदान ६० वेळां. म्हणजे दर सेकंदास १२ कोटी ४४ लक्ष १६ हजार ठिपके झाले. संगणकाचा प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न शास्त्रीबुवांसारखा आहे. अवघड प्रश्न एकामागून एक सोडवील, पण अंगणभर रांगोळी काढावयास एकटा बसला तर दिवाळी उलटून जाईल. ग्राफिक्स कार्डांत हजारों लहान गणिती असतात. एकेकाची बुद्धि बेताची, परंतु सगळे एकदम वाकून आपापला ठिपका भरतात. या प्रत्येक पुऱ्या चित्राला फ्रेम म्हणतात, आणि सेकंदाला किती फ्रेमा निघतात यावर खेळ सुरळीत वाटतो कीं अडखळत चालतो हें ठरतें.

१९९६ सालीं थ्रीडीएफ्एक्स कंपनीचें व्हूडू हें कार्ड निघालें, तेव्हां तें केवळ त्रिमितीय चित्रांपुरतें होतें. साधें चित्र दाखविण्यासाठीं दुसरें कार्ड शेजारीं ठेवावेंच लागे. १९९९ मध्यें एन्व्हिडियानें जीफोर्स २५६ विकावयास काढलें, आणि जी.पी.यू. हा शब्द तेव्हांपासून बाजारांत रुळला. आज हे मुख्य चिप बनविणाऱ्या कंपन्या तीन : एन्व्हिडिया, ए.एम.डी. आणि २०२२ पासून आर्क या नांवानें पुन्हां या बाजारांत उतरलेली इंटेल. खोक्यावर मात्र आसूस, गिगाबाइट, एम्.एस्.आय., झोटॅक, सफायर अशीं निराळींच नांवें दिसतात. त्या कंपन्या चिप विकत घेतात आणि तिच्याभोंवतीं पट्टी, पंखे व आवरण बसवितात. निवड करावयाची ती आधीं चिपेची. एकाच चिपेच्या दोन कार्डांतील वेगाचा फरक सहसा किरकोळ असतो. पंखे किती शांत आहेत, हमी किती वर्षांची आहे आणि दुरुस्तीची सोय आपल्या शहरांत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें राहतें. रंगीबेरंगी दिव्यांसाठीं चारपांच हजार जास्त देणें हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. माझी आवड तशी नाहीं.

सर्वांनाच असें कार्ड लागतें असेंही नाहीं. अनेक प्रोसेसरांच्या पोटांतच चित्र काढण्याची सोय असते. जानेवारी २०२४ मध्यें निघालेला ए.एम.डी.चा रायझन ८६००जी हा प्रोसेसर वेगळ्या कार्डावांचून हलके खेळ व्यवस्थित चालवितो. पैसे आज पुरत नसतील, तर असा प्रोसेसर घेऊन वर्षभर थांबणें हें निकृष्ट कार्ड गळ्यांत बांधून घेण्यापेक्षां शहाणपणाचें. उलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं 'एफ्' हें अक्षर असतें, त्यांत ही सोय नसते. तो घेतला आणि कार्ड पुढच्या महिन्यावर टाकलें, तर महिनाभर पडदा काळाच राहील.

आतां मुख्य गोष्ट. कार्डाची निवड कार्डापासून सुरू करूं नये, पडद्यापासून करावी. घरांत जो मॉनिटर आहे किंवा घ्यावयाचा आहे, त्याच्यावर ठिपके किती आणि तो सेकंदाला किती वेळां चित्र बदलूं शकतो, हे दोन आकडे प्रथम कागदावर लिहावे. १,९२० बाय १,०८० चा हिशेब वर झालाच. २,५६० बाय १,४४० च्या पडद्यावर ३६,८६,४०० ठिपके येतात, म्हणजे पावणेदोनपटीहून किंचित् अधिक. ज्याला फोर-के म्हणतात त्या ३,८४० बाय २,१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. एका अंगणाच्या जागीं चार अंगणें रंगवावयाचीं आणि वेळ तेवढाच! म्हणून "हें कार्ड चांगलें आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. साध्या पडद्यावर जें उत्तम चालतें तेंच दिवाणखान्यांतल्या मोठ्या फोर-के टी.व्ही.ला जोडलें कीं धापा टाकूं लागतें.

दुसरा आकडा हर्ट्झमध्यें लिहिलेला असतो. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रें दाखवितो, १४४ चा १४४. साठांच्या पडद्यामागें सेकंदाला दीडशें फ्रेमा काढणारें कार्ड लावलें, तर खेळणाऱ्याच्या हाताला थोडी चपळाई जाणवेल, पण वरच्या नव्वद फ्रेमा डोळ्यांना पुऱ्या दिसणार नाहींत. कित्येक घरांत महाग कार्ड आणि दहा वर्षांचा जुना मॉनिटर असा जोडा पाहावयास मिळतो. तेथें कार्डांतले थोडे पैसे काढून पडद्याकडे वळविले असते तर मुलगा अधिक सुखी झाला असता. उलटहि खरें आहे. १४४ हर्ट्झचा पडदा भरून काढावयाचा तर एका चित्राला अवघा ६.९ सहस्रांश सेकंद मिळतो. ६० ला तोच अवधि १६.७ सहस्रांश सेकंद असतो.

पडद्याच्या जोडीला खेळ कोणते, हें विचारावें. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारख्या चुरशीच्या खेळांत चित्र साधें, पण वेग अतिशय लागतो, आणि तो मध्यम कार्डावरही मिळतो. 'सायबरपंक २०७७' सारख्या खेळांत अख्खें शहर, त्यांतले दिवे, पाऊस, प्रतिबिंबें हीं सारीं काढावयाचीं असतात. तेथें कार्डाची खरी परीक्षा. कांहीं खेळ स्वतःच मर्यादा घालून घेतात. २०२२ चा 'एल्डन रिंग' सेकंदाला ६० फ्रेमांपलीकडे जातच नाहीं, मग कार्ड कोणतेंही असो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें २०२० मध्यें काढलेला 'राजी' हा पुराणकथांवर रचलेला खेळ पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठीं अवाढव्य कार्डाची गरज नाहीं. मुलगा वर्षाकाठीं खेळतो ते तीनचार खेळ लिहून घेतले म्हणजे यादींतला तो मोठा आकडा बऱ्याचदां आपोआप खालीं येतो.

यानंतर नांवांकडे वळूं, कारण पैसा सर्वांत अधिक येथेंच बुडतो. एन्व्हिडियाच्या 'आर.टी.एक्स. ४०६०' या नांवांत पहिले दोन अंक पिढीचे आणि शेवटचे दोन दर्जाचे. ३०८० हें आधींच्या पिढींतलें कार्ड असून ४०६० पेक्षां पुष्कळ वेगवान आहे, कारण ऐंशीचा दर्जा साठाहून वरचा. दुकानांत "नवीन आहे, आंकडा मोठा आहे" एवढ्यावर माल खपतो. पण एवढेंच असतें तर बरें होतें. २०१६ मध्यें जी.टी.एक्स. १०६० हें कार्ड ६ जी.बी. आणि ३ जी.बी. अशा दोन मेमऱ्यांत आलें. वाचणाऱ्याला वाटणार कीं फरक मेमरीचाच; प्रत्यक्षांत लहान कार्डांत गणितीही कमी होते, १,२८० ऐवजीं १,१५२. जी.टी. १०३० हें गरीब कार्ड २०१७ मध्यें निघालें. पुढच्या वर्षीं त्याच नांवानें, पण स्वस्त डी.डी.आर. ४ मेमरी घातलेलें दुसरें आलें. त्याच्या मेमरीची गति पहिल्याच्या सुमारें तिसरा हिस्सा होती! आर.टी.एक्स. ३०५० चीही तीच कथा : २०२२ चें ८ जी.बी.चें कार्ड २,५६० गणित्यांचें, तर २०२४ चें ६ जी.बी.चें २,३०४ गणित्यांचें, आणि मेमरीकडे जाणारी वाटही अरुंद.

या प्रकाराचा एकदां मात्र जाहीर बोभाटा झाला. सप्टेंबर २०२२ मध्यें एन्व्हिडियानें आर.टी.एक्स. ४०८० हें कार्ड १६ जी.बी. आणि १२ जी.बी. अशा दोन रूपांत येणार म्हणून सांगितलें. लहान रूपांत ७,६८० गणिती, मोठ्यांत ९,७२८. म्हणजे कार्डें दोन आणि नांव एक. जाणकारांनीं एवढी ओरड केली कीं ऑक्टोबरांत कंपनीनें १२ जी.बी.चें कार्ड मागें घेतलें, आणि जानेवारी २०२३ मध्यें तेंच ४०७० टीआय या नांवानें, शंभर डॉलर उतरवून बाजारांत आणलें. वस्तु तीच, गणिती तेवढेच; नांव बदलतांच किंमत उतरली. दुकानाच्या फळीवर जीं लहान कार्डें असतात त्यांच्यासाठीं अशी ओरड करावयास कोणी जात नाहीं. म्हणून नांवानंतरचीं अक्षरें, मेमरीचा आकडा आणि मेमरीची जात हीं तिन्ही यादीवर स्पष्ट लिहवून घ्यावीं, आणि पावतीवर तींच उतरलीं आहेत कीं नाहींत हें पाहावें. "१०६० द्या" किंवा "३०५० द्या" असें म्हणणाऱ्याला त्या नांवाचें स्वस्तांतलें कार्ड मिळालें, तर दुकानदारानें खोटें कांहींच सांगितलेलें नसतें.

मेमरीचा उल्लेख आला तेव्हां तिचेंही काम पाहूं. कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरांतला ओटा. भिंतींचे पोत, चेहरे, झाडांची सालपटें असें रांगोळीला लागणारें सर्व सामान ओट्यावर मांडलेलें असावें लागतें. ओटा भरला कीं उरलेलें सामान माळ्यावर, म्हणजे संगणकाच्या सामान्य मेमरींत, जातें. मग जिऱ्यासाठीं शिडी चढावी लागते आणि तेवढ्यांत फोडणी करपते. खेळणाऱ्याला तें असें जाणवतें कीं सरासरी वेग चांगला असूनही मधूनच चित्र क्षणभर गोठतें. २०२३ च्या आरंभीं आलेल्या 'हॉगवर्ट्स लेगसी' आणि 'द लास्ट ऑफ अस, भाग पहिला' या खेळांनीं ८ जी.बी.च्या चांगल्या चांगल्या कार्डांची उंच सेटिंगवर अशीच दमछाक केली. पुढें खेळांत दुरुस्त्या होऊन कांहीं सुधारणा झाली, पण दिशा कळून चुकली. साध्या पडद्यावर, मध्यम सेटिंगवर खेळणाऱ्याला ८ जी.बी. चालतील. चारपांच वर्षांचा विचार असेल आणि पडदा १,४४० चा असेल, तर १२ किंवा १६ कडे पाहावें. २०२३ च्या ४०६० टीआय कार्डाचीं ८ व १६ जी.बी. अशीं दोन रूपें निघालीं तेव्हां चिप खरोखरच एक होती आणि किंमतींत १०० डॉलरांचा फरक होता. येथें नांवानें फसविलें नाहीं; फक्त हा जादा ओटा आपल्याला लागणार कीं नाहीं, हें घेणाऱ्यानें ठरवावयाचें होतें. दुबळ्या चिपेला मोठी मेमरी चिकटवून विकलेलीं कार्डेंही असतात. तीं घेऊं नयेत. शेगडी लहान असेल तर ओटा लांबवून जेवण लवकर होत नाहीं.

खुद्द मेमरीच्या आकड्यांतही एकदां गोम निघाली होती. २०१४ च्या जी.टी.एक्स. ९७० वर ४ जी.बी. लिहिलेलें होतें, त्यांतले साडेतीन जलद आणि उरलेला अर्धा अतिशय संथ होता, हें खरेदीदारांनीं स्वतः कार्डें तपासल्यावर जानेवारी २०१५ मध्यें उघड झालें. अमेरिकेंत खटला झाला आणि २०१६ मध्यें कार्डामागें ३० डॉलर देण्याची तडजोड ठरली. आपल्याकडच्या खरेदीदारांना त्यांतून कांहीं मिळालें नाहीं.

ओटा आणि माळा यांमधला जो रस्ता, तो मदरबोर्डावरील पी.सी.आय. एक्स्प्रेसचा. त्याच्या १६ वाटा असतात. पण ४०६० टीआय आठच वाटा वापरतें, आणि २०२२ चें ए.एम.डी.चें आर.एक्स. ६५०० एक्सटी तर चारच. नव्या मदरबोर्डावर हें खपून जातें. मागच्या पिढीच्या बोर्डावर प्रत्येक वाटेची गति निम्मी असते, आणि ६५०० एक्सटी तेथें चांगलेंच मागें पडतें. इंटेलच्या आर्क कार्डांसाठीं बोर्डांत 'रिसायझेबल बार' ही सोय असणें जवळजवळ अनिवार्य आहे. जुन्या यंत्रांत नवें कार्ड घालणाऱ्यांनीं म्हणून बोर्डाचें नांवही दुकानांत सांगावें.

प्रोसेसर दुबळा असला तर कार्ड रिकामें बसून राहतें. शास्त्रीबुवा आकृति सांगतील तेव्हां ना रांगोळीवाले ठिपके भरणार! याची परीक्षा फुकट करतां येते. आहे त्या यंत्रावर खेळ सुरू करून चित्राची स्पष्टता मुद्दाम बरीच खालीं आणावी. फ्रेमा भराभर वाढल्या, तर अडचण कार्डाची होती. त्या आहेत तेथेंच राहिल्या, तर नवें कार्ड आणून उपयोग नाहीं, अडचण प्रोसेसरांत आहे. पांच मिनिटांच्या या परीक्षेनें कित्येकांची खरेदी पुढें ढकलली जाईल.

आतां विजेविषयीं, आणि येथें मी वडील मंडळींना विशेष लक्ष देण्याची विनंति करतों, कारण हा पैशांपुरता प्रश्न नाहीं. एस.एम.पी.एस. म्हणजे भिंतींतली वीज यंत्राला सोसेल अशी करून देणारी पेटी. यादींत ती शेवटीं लिहिलेली असते, आणि पैसे कमी पडूं लागले कीं कात्री पहिल्यांदां तिच्यावर चालते. ४०६० ला ११५ वॉट पुरतात. २०२२ च्या ४०९० ला ४५० आणि २०२५ च्या ५०९० ला ५७५ लागतात. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डाला फार तर ७५ वॉट मिळतात. बाकीची वीज एस.एम.पी.एस.कडून येणाऱ्या तारांतून, सहा पिनांच्या जोडणींतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणींतून १५०. पेटीवर मोठ्या अक्षरांत '५०० वॉट' छापलेलें असलें तरी खालच्या कोष्टकांत १२ व्होल्टच्या रकान्यापुढें किती अँपिअर लिहिले आहेत तें वाचावें आणि त्याला १२ नें गुणावें. तेथें ३० अँपिअर असतील, तर कार्ड व प्रोसेसर यांना मिळून खरे ३६० वॉटच मिळणार. कार्ड क्षणभर आपल्या नेमलेल्या मापाहून बरीच अधिक वीज खेंचतें, तेव्हां हात राखूनच हिशेब करावा. हलकी पेटी बिघडतांना एकटी बिघडत नाहीं, जोडलेलें सामानही घेऊन जाते. मोठ्या कार्डांसाठीं २०२२ मध्यें जी नवी बारीक पिनांची जोडणी आली, ती कांहीं ४०९० कार्डांत वितळल्याचीं उदाहरणें त्याच वर्षीं पुढें आलीं. त्यांतल्या कित्येक ठिकाणीं ती पुरती आंत बसविलेली नव्हती. पुढें जोडणींत सुधारणा झाली, तरी ती शेवटपर्यंत दाबून बसविणें आणि तार लगेच वांकवूं न देणें हें पथ्य पाळावेंच. घरच्या अर्थिंगची तपासणीही इलेक्ट्रिशियनकडून याच निमित्तानें करून घ्यावी.

उष्णतेबद्दल परदेशी परीक्षणें वाचतांना एक वजाबाकी मनांत ठेवावी. कार्ड किती तापतें हें खोली किती तापलेली आहे यावर अवलंबून असतें. वीस-बावीस अंशांच्या खोलींत सत्तर अंशांवर थांबणारें कार्ड, नागपूर-जळगांवच्या वैशाखांत पस्तीस-अडतीस अंशांच्या खोलींत ऐंशीच्या पुढें जाईल, पंखे घोंघावूं लागतील आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करून घेईल. पुढच्या बाजूनें हवा आंत घेणारें जाळीचें कॅबिनेट आपल्याकडे कांचेच्या शोभिवंत कॅबिनेटापेक्षां अधिक उपयोगी. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्यें दिलेली असते. कॅबिनेटांत तेवढी जागा आहे ना, हें पट्टीनें मोजावें. वीज किती जळेल अशीही पृच्छा होते. सारें यंत्र मिळून ३०० वॉट घेत असेल आणि रोज तीन तास चालत असेल, तर महिन्याला २७ युनिट होतील.

किरण-अनुसरण, ज्याला रे-ट्रेसिंग म्हणतात, तें २०१८ पासून कार्डांत आलें. प्रकाश खरोखर कसा परावृत्त होईल याचा तो हिशेब आहे, सुंदर दिसतो आणि फार महाग पडतो. मध्यम कार्डाच्या खरेदींत त्याला फारसें वजन देऊं नये. लहान चित्र काढून तें मोठें करण्याच्या युक्त्या, म्हणजे एन्व्हिडियाची डी.एल.एस.एस. आणि ए.एम.डी.ची एफ.एस.आर., या मात्र खरोखर उपयोगी आहेत. दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्यें एक कल्पित फ्रेम घालण्याची युक्ति २०२२ पासून निघाली आहे. जाहिरातींतले दुप्पट-तिप्पट आकडे बहुधा तिच्या जोरावर असतात. तिनें हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाहीं, थोडा वाढतोच. म्हणून तुलना करतांना ती युक्ति बंद ठेवून काढलेले आकडे पाहावे. आणि त्यांत सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा आकडाही पाहावा, कारण मघाशीं सांगितलेलें गोठणें त्यांतच दिसतें.

जुनें कार्ड घेण्यांत वाईट कांहीं नाहीं, पण त्याचा पूर्वेतिहास विचारावा. २०२० ते २०२२ या काळांत इथेरियम हें आभासी चलन मिळविण्यासाठीं लाखों कार्डें अहोरात्र राबविलीं गेलीं, आणि बाजारांत खेळणारांना कार्ड मिळेनासें झालें. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्या चलनाची पद्धति बदलली, ती मिळकत बंद पडली आणि तीं कार्डें ढिगांनीं विक्रीस आलीं. अशा कार्डाची चिप सहसा टिकून असते; पंखे आणि मेमरीवरच्या उष्णतावाहक पट्ट्या झिजलेल्या असतात. घेण्यापूर्वीं तें चालू यंत्रांत निदान अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावें, मूळ पावती मागावी आणि पट्टीवरचा क्रमांक पावतीशीं पडताळून पाहावा. विकणारा "घरीं येऊन तपासा" म्हणण्यास कचरत असेल, तर व्यवहार सोडून द्यावा.

दुकानांत, मग तें मुंबईंत लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, असो किंवा आपल्या गांवांत, भाव विचारतांना जी.एस.टी. धरून विचारावा, आणि हमी कोण देणार, दुकान कीं कंपनी, हें पावतीवर लिहवून घ्यावें. घरीं आल्यावर भिंतींतलें बटण बंद करूनच कार्ड बसवावें, आणि कार्ड जड असल्यास त्याला खालून टेकू द्यावा. चित्राची केबल कार्डाच्या मागच्या भोकांत लावावी, मदरबोर्डाच्या नव्हे. दोन्ही भोकें सारखींच दिसतात आणि नवें कार्ड आणूनही वेग तोच, अशी तक्रार पुष्कळदां येथूनच निघते. शेवटीं विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्यें जाऊन पडद्याचे हर्ट्झ पाहावे. १४४ चा मॉनिटर आणलेला असतो आणि यंत्र त्याला पहिल्या दिवसापासून ६० वरच चालवीत असतें. तो आकडा आपल्या हातानें बदलावा लागतो.